पडलेल्या पानांचे रान

सातवीच्या मुलांना घेऊन मी पहिल्यांदा महाराष्ट्र निसर्ग उद्यानात गेले, त्याला आता बारा वर्षे झाली. धारावीतच राहणाऱ्या एका मुलीने तेव्हा पायवाटेच्या कडेला साचलेल्या पाचोळ्याकडे बोट दाखवून मला विचारले होते, "बाई, इथला कचरा कोणी काढत नाही का?" तिच्या विचारण्यात तक्रार नव्हती, निव्वळ आश्चर्य होते, कारण शाळेच्या पटांगणात बदामाची पाने पडली की दर शनिवारी आम्हीच मुलांना रांगेत उभे करून ती उचलायला लावत होतो, आणि जमा झालेला ढीग 'कचरा' म्हणूनच गाडीत जात होता. पाने कुजतात आणि त्यांचे खत होते, असे विज्ञानाच्या पुस्तकातले उत्तर मी तिला दिले. तिने मान डोलावली आणि ती पुढे गेली. मी मात्र तिच्या प्रश्नापाशीच थांबले. त्यानंतर जवळजवळ दर महिन्याला मी तिथे जात राहिले, आणि त्या प्रश्नाचे खरे उत्तर मला हळूहळू, एकेका ऋतूत थोडेथोडे मिळत गेले.

शीव-वांद्रे लिंक रोडवर, धारावीच्या बस आगारासमोर या उद्यानाचे फाटक आहे. एका अंगाला धारावी, दुसऱ्या अंगाला मिठी नदी, आणि नदीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलातल्या काचेच्या इमारती, अशा बेचक्यात सुमारे ३७ एकरांचे हे रान उभे आहे. बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान शंभर चौरस किलोमीटरहून मोठे आहे, तिथे बिबटे आहेत, तलाव आहेत, डोंगर आहेत. त्याच्या तुलनेत हे रान म्हणजे अंगणच म्हणायचे. पण राष्ट्रीय उद्यानातले जंगल मुळातच तिथे होते आणि माणसाने त्याला कुंपण घातले. इथले जंगल मुळात नव्हतेच. इथे मुंबईचे डम्पिंग ग्राउंड होते.

ही गोष्ट मी मुलांना प्रत्येक वेळी फाटकातच सांगते, कारण एकदा आत शिरल्यावर ती कोणाला खरी वाटत नाही. वर्षानुवर्षे शहराचा कचरा इथे आणून ओतला जात होता. सत्तरच्या दशकात ते थांबले, तेव्हा ही जागा निसर्गशिक्षणासाठी राखावी अशी कल्पना वर्ल्ड वाइल्डलाइफ फंडाच्या भारतातील कार्यकर्त्यांनी मांडली आणि मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने ती प्रत्यक्षात आणली. १९८३ साली डॉ. सलीम अली यांच्या हस्ते इथे पहिले रोप लावले गेले. तेव्हा त्यांनी पंच्याऐंशी ओलांडली होती, आणि त्या रोपाचे झाड होऊन त्यावर पक्षी बसलेले आपल्याला दिसणार नाहीत हे पक्ष्यांच्या अभ्यासात आयुष्य घालवलेल्या त्या माणसाला नक्कीच ठाऊक असणार. १९८७ साली ते गेले. १९९१ साली या जागेला संरक्षित वनाचा दर्जा मिळाला आणि २२ एप्रिल १९९४ रोजी, म्हणजे वसुंधरा दिनी, उद्यान लोकांसाठी खुले झाले.

कचऱ्याच्या ढिगावर झाड लावणे म्हणजे माळरानावर झाड लावण्यासारखे नव्हे. खाली दाबला गेलेला कचरा हवेशिवाय कुजत राहतो, त्यातून मिथेन वायू निघतो, मुळांना प्राणवायू मिळत नाही, आणि जमीन कुठे हातभर तर कुठे वीतभर अशी वर्षानुवर्षे खचत राहते. वरून मातीचा थर पसरला, तरी मुंबईचा पाऊस तो जागेवर राहू देत नाही. वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाणी, तेही जवळजवळ सगळे चार महिन्यांत, जेव्हा उघड्या मातीवर कोसळते, तेव्हा प्रत्येक टपोरा थेंब मातीचे कण सुटे करतो आणि ओघळ ते कण वाहून नेतो. म्हणून या रानाची खरी कमाई त्यातली झाडे नव्हेत, असे मला आता वाटते. खरी कमाई आहे ती झाडांखालची माती. ही माती कोणी एकदा आणून टाकली आणि काम झाले, असे घडलेले नाही. पुढच्या प्रत्येक वर्षी झाडांनी पाने खाली टाकली आणि माणसांनी ती तिथेच राहू दिली, म्हणून ती टिकली आणि वाढली.

एका सप्टेंबरात तिथल्या एका माळीमामांच्या परवानगीने मी एका उंबराखाली गुडघे टेकून, हातात काडी घेऊन, तो पाचोळा थराथराने उलगडून पाहिला होता. सगळ्यात वर त्या वर्षीची पाने होती, अजून आकार शाबूत असलेली, कडक, वाजणारी. त्यांच्याखाली ओली, काळपट, एकमेकांना चिकटलेली पाने होती, आणि त्यातल्या काहींचा मधला गर कोणीतरी खाऊन टाकल्यामुळे नुसत्या शिरांची जाळी उरली होती. ती जाळी उजेडासमोर धरली तर तिच्यातून पलीकडचे झाड दिसत होते. त्या थरात पांढऱ्या सुतासारखे बुरशीचे धागे एका पानातून दुसऱ्या पानात गेलेले होते. एक पैसा, म्हणजे असंख्य पायांचा तो लांबट किडा, चालता चालता थांबला आणि गोल वेटोळे करून नाण्यासारखा पडून राहिला. टाचणीच्या टोकाएवढे पांढरे जीव काडी लागताच टणकन उडत होते. आणखी खाली गेल्यावर पान असे काही उरलेच नव्हते. होता तो काळा, भुसभुशीत, बोटांना जरा थंड लागणारा चुरा, आणि त्याला पहिल्या पावसाचा वास होता. हा वास मातीतले सूक्ष्म जीवाणू तयार करतात, म्हणजे जिथे तो येतो तिथे माती जिवंत आहे असे समजावे. त्या चुऱ्याखाली, साधारण चार बोटांवर, काडीला काहीतरी कठीण लागले. निळसर काचेचा तुकडा होता, कडा झिजलेल्या.

"बाई, ते तसंच ठेवा," मामा म्हणाले. "आणि वरची पानं परत झाकून टाका, नाहीतर ऊन लागेल त्यांना."

'त्यांना' म्हणजे गांडुळांना आणि पैशांना. मी पाने पुन्हा होती तशी पसरली.

पाचोळा खाणाऱ्यांचे हे जग इतके आहे म्हटल्यावर त्यांना खाणारेही येतात, आणि ते पाहण्यासाठी वर मान करून चालण्याची सवय सोडावी लागते. मुंबईत पक्षी पाहणारे आम्ही बहुतेक जण फांद्यांकडे बघत चालतो. नारिंगी डोक्याचा कस्तूर मला दिसला तो खाली, बांबूच्या बेटाआड, चोचीने एकेक पान उचलून बाजूला फेकताना. एखाद्या गृहिणीने हरवलेली कुडी शोधावी तशा नेटाने तो पाने उलटत होता. दयाळही अन्नासाठी वारंवार जमिनीवर उतरतो. आणि मे महिन्याच्या अखेरीस किंवा जूनच्या आरंभी, पावसाच्या तोंडावर, नशीब असेल तर नवरंग दिसतो. हिवाळा दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढून विणीसाठी परतणारा हा पक्षी त्या दिवसांत मुंबईवरून जातो. थकून एखाद्या घराच्या गॅलरीत येऊन पडलेला नवरंग सापडल्याच्या बातम्या दर वर्षी ऐकू येतात. नवरंगाला उतरायला झाड पुरत नाही. त्याचे अन्न जमिनीवरच्या ओल्या पानांखाली असते, उड्या मारत तो तीच पाने उलटीपालटी करतो. ज्या बागेत दररोज सकाळी झाडू फिरतो तिथे शंभर झाडे असली, तरी नवरंगाच्या दृष्टीने ते रिकामे ताट आहे. हे लक्षात आले, तेव्हा मला त्या मुलीच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर मिळाले.

फुलपाखरांचेही काहीसे तसेच आहे. या लहानशा रानात ऐंशीहून अधिक जातींची फुलपाखरे नोंदली गेली आहेत आणि लोक ती फुलांवर शोधतात. पण ईव्हनिंग ब्राउन नावाचे फुलपाखरू फुलांवर सहसा जात नाही. दिवसभर ते पाचोळ्यात पंख मिटून बसते आणि संध्याकाळी उडते. पावसाळ्यात जन्मलेल्या पिढीच्या पंखांवर डोळ्यांसारखे ठिपके स्पष्ट असतात, तर कोरड्या ऋतूत जन्मलेल्या पिढीत ते ठिपके जवळजवळ नाहीसे होतात आणि पंख थेट वाळक्या पानासारखे दिसतात, कडेची दुमड आणि मधली शीरसुद्धा. एका जानेवारीत माझ्या चपलेपुढचे पान उडाले तेव्हा मला हे कळले. मी त्या पानाकडे बघतच उभी होते.

झाडावर राहणाऱ्या आणि आपण 'कचऱ्यात' काढलेल्या आणखी एका गोष्टीविषयी मला जरा सविस्तर लिहायचे आहे. ती म्हणजे बांडगूळ. मराठीत हा शब्द शिवीसारखा वापरला जातो आणि आंब्याच्या बागायतदाराला तो तसा वाटणे साहजिकच आहे, कारण बांडगूळ आपले अन्न स्वतःच्या हिरव्या पानांत तयार करत असले, तरी पाणी आणि क्षार झाडाकडून ओढते आणि फार माजले तर फांदी वाळवते. बागेतून ते काढावे, याबद्दल माझे काहीच म्हणणे नाही. पण रान ही बाग नव्हे.

फुलटोचा हा आपल्या अंगठ्याएवढा पक्षी बांडगुळाची फळे खातो. त्या फळातल्या बीवर डिंकासारखा चिकट थर असतो, त्यामुळे विष्ठेतून बी बाहेर पडताना ते सहज सुटत नाही, आणि फुलटोचा फांदीवर आडवा होऊन, मागचा भाग फांदीला घासून ते तिथे पुसतो. बी फांदीला चिकटते आणि तिथेच रुजते. मी हे घासणे दुर्बिणीतून इतक्या वेळा पाहिले आहे, की आता नुसत्या 'चिक् चिक्' आवाजावरून पाऊल थांबते. या बांडगुळाच्या पानांवर हळदीकुंकू नावाचे फुलपाखरू अंडी घालते. पंखांच्या खालच्या बाजूला पिवळा रंग आणि कडेने तांबडे ठिपके असलेल्या या फुलपाखराला ज्याने हे नाव दिले, त्याने पंचपाळे डोळ्यांसमोर ठेवूनच ते दिले असणार. अंडी एकेकटी नसतात, पानाच्या खाली जवळजवळ ओळीने मांडलेली असतात. अळ्याही घोळक्याने राहतात, एकाच पानावर खांद्याला खांदा लावून खातात, आणि धक्का लागला की रेशमाच्या धाग्याला लोंबकळत एकदम खाली सुटतात. बांडगूळ हे त्यांचे पोटाचे साधन आहे. आंब्याचे कोवळे पान समोर असले, तरी ते त्यांच्या उपयोगाचे नाही.

हे मी इतके नेमके लिहू शकते, कारण हळदीकुंकवाच्या अळ्या मी आमच्या इमारतीतल्या आंब्यावर, दुसऱ्या मजल्यावरच्या आमच्या खिडकीतून, दोन आठवडे रोज पाहिल्या होत्या. तिसऱ्या आठवड्यात पावसाळ्यापूर्वीच्या छाटणीची माणसे आली. छाटणीची परवानगी रीतसर होती, धोकादायक फांद्या उतरवणे गरजेचेच होते. पण फांद्यांबरोबर त्यांनी झाड 'साफ' करून दिले, म्हणजे सगळे बांडगूळही काढून टाकले. मी शाळेतून आले तेव्हा फांद्यांचा ढीग फाटकाबाहेर पडला होता. मी त्या ढिगात बसून पाने उलटली. अळ्या होत्या, पण पाने मरगळली होती. दोन पिवळ्या धमक कोशांसकट एक डहाळी मी घरी आणली, बाकीच्यांसाठी मला काही करता आले नाही. त्या कोशांपैकी एकातून फुलपाखरू बाहेर पडले. आमच्या सोसायटीतल्या कोणी हे दुष्टपणाने केले नव्हते, उलट झाडाचे भले केल्याच्या समाधानात सगळे होते, आणि म्हणूनच मला ते अधिक लागले.

निसर्ग उद्यानात गेले की मी आता बांडगुळाची फांदी आधी शोधते. ती तिथे असते. तशीच वाळलेली फांदीही असते. पायवाटेवर लोंबणारी वाळकी फांदी काढावीच लागते, त्याखालून मुले चालतात. पण आत, जिथे कोणी जात नाही, तिथे मेलेले लाकूड उभे राहू दिले तर तांबट पक्षी त्यात घर करतो. हिरव्या लाकडात त्याच्या चोचीला बीळ कोरणे कठीण जाते, म्हणून तो वाळकी, मऊ पडलेली फांदी निवडतो आणि तिच्या खालच्या बाजूने गोल भोक पाडतो, म्हणजे पाऊस आत जात नाही. तांबट निघून गेल्यावर अशी भोके रिकामी पडत नाहीत, कारण दयाळासारख्या पक्ष्यांना घर कोरता येत नाही आणि आयत्या बिळाची गरज असते. तांबटाचा 'टुक टुक टुक' आवाज उन्हाळ्यात साऱ्या मुंबईत ऐकू येतो. ज्यांच्या आवारात तो ऐकू येतो, त्यांनी जवळपास वाळकी फांदी कुठे आहे ते जरूर पाहावे.

उद्यानाच्या नदीकडच्या बाजूला तिवरे, म्हणजे खारफुटीची झाडे आहेत. भरतीला त्यांच्या पायाशी खारे पाणी येते, ओहोटीला चिखलातून वर आलेल्या त्यांच्या श्वसनमुळांचे पेन्सिलीसारखे टोकदार रान दिसते, आणि पान जिभेला लावले तर खारट लागते, कारण तिवर नको असलेले मीठ पानांवाटे बाहेर टाकते. मुलांना हा प्रयोग फार आवडतो. पण तिवरांच्या मुळांत अडकलेले प्लास्टिक पाहून ती गप्प होतात. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघालेली मिठी इथवर येईपर्यंत शहराने तिच्यात काय काय सोडले आहे, ते ओहोटीला दिसते. २६ जुलै २००५ च्या पावसात, सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तेव्हा, याच नदीने आपली जागा परत मागितली होती, हे माझ्या वयाच्या मुंबईकरांना सांगायला नको. पान आणि प्लास्टिक दोन्ही आपण 'कचरा' याच एका शब्दात बसवतो, ही आपल्या भाषेतली एक अडचण आहे असे मला वाटते. पाचोळा, पालापाचोळा, पातेरा असे वेगळे शब्द आपल्याकडे होते आणि आहेत. मी वर्गात आता तेच वापरते आणि मुलांनाही वापरायला लावते.

हे रान लहान आहे याची मला सतत जाणीव असते. ३७ एकर म्हणजे साधारण १५ हेक्टर. इतक्या लहान रानाचा फार मोठा भाग ही त्याची कडच असते, आणि कडेला ऊन अधिक पडते, वारा पाने सुकवतो, रस्त्याचा आवाज पोचतो, कावळे आणि मांजरे आत येतात आणि जमिनीलगतची घरटी त्यांना सापडतात. म्हणून आतला जो थोडा भाग उरतो, त्याचा प्रत्येक कोपरा मोलाचा आहे. तिथे आणखी एक बसायची जागा, आणखी एक दिव्यांची रांग, आणखी एक फरसबंद वाट, अशा सूचना लोक सद्भावनेने करतात. त्या ऐकल्या की माझ्या पोटात गोळा येतो. धारावीच्या पुनर्विकासात ही जागा जाईल की काय अशी भीती काही वर्षे होती. उद्यान त्या प्रकल्पात नाही असे २०२३ साली मुंबई उच्च न्यायालयात सांगण्यात आले, तेव्हा मी खरोखर सुस्कारा सोडला होता. परंतु संरक्षित वनाचा दर्जा झाड तोडणाऱ्याला थांबवू शकतो, पान उचलणाऱ्याला थांबवण्याचे काम त्याचे नाही. ते तिथे रोज राबणाऱ्या माळ्यांच्या समजुतीवर चालते, आणि ती समजूत त्या मामांइतकी माझ्या ओळखीच्या शिकलेल्या माणसांपैकी फारच थोड्यांत मी पाहिली आहे.

आमच्या इमारतीत त्या छाटणीनंतर मी सभेत उभी राहून बोलले. बांडगुळाबद्दल कोणाला पटवता आले नाही. पण आंब्याच्या बुंध्याभोवती, विटांची एक ओळ लावून, साधारण सहा फूट लांब आणि सहा फूट रुंद अशी जागा झाडायची नाही, एवढे मान्य झाले. डासांची शंका निघाली. डासांच्या अळ्यांना साचलेले पाणी लागते, म्हणून वाट्या, डबे, फुटक्या कुंड्या तिथे राहणार नाहीत याची जबाबदारी मी घेतली. पाने जाळायची नाहीत हेही ठरले. पहिले वर्ष त्या चौकोनात नुसती कोरडी पाने होती आणि येणारेजाणारे ती पाहून नाक मुरडत होते. दुसऱ्या पावसाळ्यात पाने खाली बसली आणि काळी पडली. आमच्याकडे झाडायला येणाऱ्या मावशी सुरुवातीला त्या विटांपाशी आल्या की नाराजीने झाडू उचलत आणि वळसा घालत. मागच्या श्रावणात एका सकाळी त्यांनी खालूनच मला हाक मारली, "ताई, जरा खाली या." मी गेले. झाडूच्या मागच्या टोकाने त्यांनी चार पाने बाजूला केली होती. खाली ओलसर काळी माती होती आणि तिच्यात एक गांडूळ हळूहळू आत शिरत होते. आम्ही दोघी ते पूर्ण आत जाईपर्यंत पाहत राहिलो. मग मावशींनी वाकून पाने हाताने परत सारखी केली.